‘उद्यापासून’चं ‘रोज’ कसं होतं?

कामं आवरून रेडिओजवळ बसलेल्या आणि कामं करता करता ऐकणाऱ्या, सगळ्यांनाच नमस्कार.

आज आपण एका शब्दाबद्दल बोलणार आहोत. तो शब्द आहे ‘उद्यापासून’. उद्यापासून रोज गोळी घेणार. उद्यापासून महिन्याचे शंभर रुपये बाजूला टाकणार. उद्यापासून जेवणात पालेभाजी, उद्यापासून सकाळी अर्धा तास चालणं. गटाच्या बैठकीत, आशाताई घरी येऊन गेल्यावर, पाडव्याच्या दिवशी आपण सगळ्या मनापासून ठरवतो. चार दिवस जमतंही. पाचव्या दिवशी घरात पाहुणे येतात, सहाव्या दिवशी खुरपणीला लवकर जावं लागतं, आणि आठवडाभराने गोळ्यांची पट्टी डब्यामागे सापडते.

मग आपणच स्वतःला बोल लावतो. ‘माझ्यातच दम नाही,’ असं म्हणतो. आम्हाला हे म्हणणं पटत नाही. दम नसता तर पहाटे उठून पाणी, स्वयंपाक, डबे, गोठा आणि मग शेत, हे रोज कसं झालं असतं? प्रश्न दमाचा नाही. प्रश्न असा आहे की नवीन काम दिवसात नेमकं कुठे बसवायचं, हे आपण ठरवलेलं नसतं. ते ठरवायला आणि टिकवायला हातातला फोन कशी मदत करू शकतो, हे आज बघू. त्यासाठी महागडा फोन लागत नाही. बटणांचा साधा फोनही पुरतो.

आधी एक विचार करा. विरजण लावायची आठवण तुम्हाला कोणी करून देतं का? दूध तापतं, कोमट होतं, की हात आपोआप विरजणाकडे जातो. अंघोळ झाली की तुळशीला पाणी. भाकरी झाल्या की तवा उतरवून चूल आवरणं. ही कामं आपण लक्षात ठेवत नाही. ती आधीच्या एका कामाला बांधलेली असतात. आधीचं काम संपलं की पुढचं स्वतःहून समोर येतं.

मानसशास्त्राचे अभ्यासक पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये हीच गोष्ट आपल्या लेखात मांडली. नुसतं ‘मी अमुक करीन’ म्हणणाऱ्यांपेक्षा, ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधीच ठरवणाऱ्यांच्या हातून काम जास्त वेळा पार पडतं. यात ‘जेव्हा’ आणि ‘तेव्हा’ हे दोन्ही शब्द हवेत. ‘मी गोळी घेईन’ हा नुसता विचार झाला. ‘रात्री भांडी घासून हात पुसले की मी गोळी घेईन’ असं म्हटलं की त्या गोळीला दिवसात जागा मिळते.

आता खरंच गोळीचंच उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या घराघरातलं आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९ ते २०२१ या काळात झालं. त्यात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. महाराष्ट्राचा आकडा ५४ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे बैठकीला वीस जणी बसल्या असतील, तर त्यातल्या दहा-अकरा जणींना हा त्रास असू शकतो. जिना चढताना धाप लागणं, सारखा थकवा, डोळ्यांपुढे अंधारी, यांना आपण ‘बाईच्या जातीला हे चालायचंच’ म्हणतो. ते चालायचं नाही. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली आणि इतर बाईचं १२ च्या खाली असेल, तर रक्त कमी आहे असं धरतात. गरोदरपणात ते फार उतरलं तर बाळंतपणातला रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. बाळही कमी वजनाचं होऊ शकतं.

म्हणूनच सरकारी आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ हा कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. त्यानुसार गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी घ्यायची, निदान १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. १० ते १९ वयाच्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी. गरोदर नसलेल्या, २० ते ४९ वयाच्या बायकांना आठवड्याला एक लाल गोळी.

१८० दिवस म्हणजे सहा महिने. गोळी घरात येते, पण पोटात जात नाही, हे आशाताई आणि नर्सताई आपल्याला किती वेळा सांगतात! तेव्हा गोळीची जागा कशी ठरवायची ते नीट पाहू. यात घाई केली तर नंतर जमत नाही.

लोहाच्या गोळीची काही पथ्यं आहेत. ती चहाबरोबर घ्यायची नाही, चहामुळे लोह अंगाला लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांतल्या ‘क’ जीवनसत्त्वाने मात्र ते चांगलं लागतं. गरोदर बाईला कॅल्शियमच्याही दोन गोळ्या असतात, एक सकाळच्या आणि एक संध्याकाळच्या जेवणाबरोबर. कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचं नाही. मध्ये दोन तास जाऊ द्यायचे.

आता समजा एक सून आहे. सकाळी दहाला जेवून ती शेतावर जाते, दुपारी चारला येऊन चहा घेते, रात्री आठला सगळ्यांबरोबर किंवा सगळ्यांनंतर जेवते. तिने लोहाची गोळी कधी घ्यावी? सकाळी आणि रात्री जेवताना कॅल्शियम आहे. चारला चहा आहे. उरतात दोन जागा. एक दुपारी, शेतात पाणी पिण्याच्या वेळी, आणि दुसरी रात्री झोपण्याआधी. दुपारची वेळ धरली तर गोळी शेतात न्यावी लागेल. रोज नेणं जमेल का? तिने विचार केला आणि रात्री दहा ही वेळ ठरवली. तिचं वाक्य झालं: ‘अंथरूण घातलं की तांब्यातल्या पाण्याबरोबर लाल गोळी.’ तुमचा दिवस वेगळा असेल, तर वाक्यही वेगळं होईल. दुसरीचं वाक्य उसनं घेऊ नका. वेळेबद्दल शंका असेल तर आशाताईंना किंवा नर्सताईंना विचारा.

वाक्य ठरलं की मग फोन हातात घ्यायचा. बटणांच्या फोनमध्ये घड्याळ किंवा अलार्म असं लिहिलेलं असतं. तिथे वेळ घाला आणि ‘रोज’ निवडा, म्हणजे दर दिवशी पुन्हा लावावा लागत नाही. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला किंवा शेजारच्या मुलाला एकदा लावायला सांगा. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. अलार्मला रिचार्ज लागत नाही, रेंज लागत नाही, इंटरनेट लागत नाही. पाड्यावर, वस्तीवर, डोंगराआड, कुठेही तो वाजतो. फोनला चार्जिंग असलं की झालं.

पण नुसता अलार्म लावून भागत नाही. अलार्म वाजतो, आपण कणीक मळत असतो, कोपराने बटण दाबून तो बंद करतो आणि ‘हे झालं की घेते’ म्हणतो. असं चार वेळा झालं की हाताला सवय लागते ती अलार्म बंद करण्याची, गोळी घेण्याची नाही. यावर तीन साधे उपाय आहेत.

पहिला उपाय, अलार्मची वेळ आपले हात मोकळे असतील अशी धरायची. घड्याळातला सोयीचा आकडा आहे म्हणून आठ वाजताची वेळ धरू नका. आठला तव्यावर भाकरी असेल, तर आठ ही वेळ चुकीचीच.

दुसरा उपाय, फोन, गोळी आणि पाणी यांची जागा एक करायची. फोन रात्री जिथे चार्जिंगला लागतो, तिथेच वर फळीवर गोळ्यांची पट्टी आणि शेजारी पाण्याचा तांब्या. अलार्म बंद करायला उठलं की गोळी समोरच दिसते. पट्टी मात्र लहान मुलांचा हात पोचणार नाही इतकी वर ठेवा. लोहाच्या गोळ्या लेकराने एकदम खाल्ल्या तर विषबाधा होते.

तिसरा उपाय, आधी गोळी तोंडात, मग अलार्म बंद. तेवढा वेळ वाजला तर वाजू द्या. घरातल्यांनाही कळतं की सूनबाईंची गोळीची वेळ झाली. काही घरांत मग सासूबाईच हाक मारतात, ‘अगं, वाजतंय बघ तुझं!’ अशी हाक आली की समजा, निम्मं काम झालं.

आता प्रश्न येतो, असं किती दिवस करायचं? सवय किती दिवसांत लागते? एकवीस दिवसांत लागते, असं बरेच जण सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी सवय निवडली आणि बारा आठवडे रोज नोंद ठेवली. २०१० मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात, गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं. पण माणसामाणसांत फार फरक होता. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर जमली, व्यायामाला जास्त वेळ लागला.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं की गाडी पुढे चालू राहिली. आपण मात्र एक दिवस चुकला की म्हणतो, ‘मोडलाच की नेम, आता राहू दे.’ गोळी म्हणजे काही कडक व्रत नाही, एक दिवस राहिला म्हणून उद्यापन करून टाकायला. काल राहिली तर आज घ्या. मात्र कालची आणि आजची मिळून दोन घेऊ नका.

आता दुसरा मुद्दा. आठवण किती वेळा करून द्यायची? आपल्याला वाटेल, जितकी जास्त तितकी चांगली. आफ्रिकेतल्या केनिया देशात मात्र वेगळंच दिसलं. तिथे एचआयव्हीची औषधं रोज घेणाऱ्या रुग्णांना मोबाइलवर संदेश पाठवून पाहिले. काहींना रोज संदेश, काहींना आठवड्यातून एकदा, काहींना काहीच नाही. २०११ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात, आठवड्याच्या संदेशवाल्यांपैकी ५३ टक्के लोकांनी आपली औषधं नव्वद टक्के वेळा तरी घेतली. ज्यांना संदेशच नव्हता त्यांच्यात हे प्रमाण ४० टक्के होतं. आणि रोज संदेश येणाऱ्यांना मात्र तसा फायदा झाला नाही. आम्हाला वाटतं, रोज वाजणारी घंटा कानाला सवयीची होते आणि मग ती ऐकूच येत नाही.

केनियातलाच दुसरा एक प्रयोग आम्हाला फार आवडला. त्यात ५३८ रुग्ण होते. निम्म्यांना दर आठवड्याला एकच शब्द पाठवायचे, ‘माम्बो?’ म्हणजे त्यांच्या स्वाहिली भाषेत ‘काय, कसं चाललंय?’ औषध घेतलं का, असं विचारायचंच नाही. रुग्णाने दोन दिवसांत उत्तर द्यायचं. ‘सावा’ म्हणजे ठीक आहे, किंवा ‘शिदा’ म्हणजे अडचण आहे. अडचण म्हणणाऱ्याला आणि उत्तरच न देणाऱ्याला दवाखान्यातून फोन जायचा. वर्षभराने, संदेश मिळणाऱ्यांपैकी ६२ टक्के लोक नीट औषध घेत होते. बाकीच्यांत हे प्रमाण ५० टक्के होतं.

मैत्रिणींनो, इथे यंत्र काय करत होतं? ते हुकूम सोडत नव्हतं, विचारपूस करत होतं. आणि त्या विचारपुशीच्या मागे एक खरं माणूस होतं. आपल्या बचत गटात हे उद्यापासून नाही, आजपासून करता येईल. गटात दहा-बारा जणी असतो. दर सोमवारी एकीने बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर बोलून संदेश टाकायचा, ‘काय गं, कसं चाललंय?’ उत्तर दोन शब्दांपैकी एक, ‘बरंय’ किंवा ‘अडलंय’. लिहायला येत नसेल तर बोलून पाठवायचं. साधा फोन असेल तर मिस्ड कॉल द्यायचा. एक मिस्ड कॉल म्हणजे बरंय, दोन म्हणजे अडलंय. ‘अडलंय’ म्हणणारीच्या घरी सोमवारची पाळी असलेली बाई जाऊन येईल. तिथे गेल्यावर आधी ऐकून घ्यायचं. गोळी का घेतली नाहीस, म्हणून दटावायचं नाही.

मिस्ड कॉलची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपल्याच देशात टीबीच्या रुग्णांसाठी ‘९९ डॉट्स’ नावाची पद्धत निघाली. औषधाच्या पाकिटात गोळीच्या मागे एक फोन नंबर लपवलेला असतो. गोळी काढली की नंबर दिसतो. त्यावर फुकट फोन लावला की गोळी घेतल्याची नोंद होते. कालचा नंबर वेगळा, आजचा वेगळा. फोन आला नाही तर आरोग्य कर्मचाऱ्याला कळतं आणि त्याला चौकशी करता येते. गरोदर बायकांसाठी आरोग्य खात्याची ‘किलकारी’ सेवा आहे. त्यात चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला फोनवर बोललेला संदेश येतो, असे एकूण ७२ संदेश. त्यासाठी साधा फोन पुरतो, वाचता यावं लागत नाही. गरोदरपणाची नोंद करताना जो नंबर देतो त्यावर हे फोन येतात. म्हणून तो नंबर स्वतःचा किंवा दिवसा आपल्या जवळ असणारा द्या. मालक ट्रकवर आणि फोन त्यांच्या खिशात, असं असेल तर संदेश वाटेतच राहील.

इथेच आपल्या खऱ्या अडचणीशी येऊन पोचलो. फोन कोणाचा?

त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात, स्वतः वापरायला मोबाइल आहे असं भारतातल्या ५४ टक्के स्त्रियांनी सांगितलं. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांकडे तो नाही. घरात एकच फोन, तो कधी मालकांकडे, कधी मुलाच्या अभ्यासाला, कधी गेम खेळायला. अशा बाईला ‘अलार्म लावा’ म्हणून सांगणं सोपं आहे. पण तिने काय करायचं?

तिच्यासाठीही यंत्रं आहेत. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. गोळी घेतली की त्या तारखेवर कुंकवाचं बोट टेकवायचं. रिकामी तारीख डोळ्याला लगेच दिसते, आणि महिनाअखेर नर्सताईंना दाखवताही येते. दुसरं यंत्र तर तुम्ही आत्ता ऐकताच आहात. आपला रेडिओ ठरलेल्या वेळी लागतो, ठरलेली धून वाजते. रोज धून वाजली की एक ठरलेलं काम, असं बांधून टाका. गरोदर नसणाऱ्यांची आठवड्याची लाल गोळी तर आपल्या कार्यक्रमालाच बांधून टाका. पाणी घेऊन बसा आणि आमच्या नमस्काराबरोबर गोळी घ्या.

काही गोष्टी अशा असतात की त्या घरात सगळ्यांना कळाव्यात असं बाईला वाटत नाही. सरकारी दवाखान्यात ‘छाया’ नावाची गर्भनिरोधक गोळी मिळते. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. तो रविवार असेल, तर दुसरी गोळी बुधवारी. तीन महिने रविवार आणि बुधवार, पुढे फक्त रविवार. आठवड्यातून दोनदा असलेली गोष्ट विसरायला फार सोपी, कारण ती रोजचीही नाही आणि महिन्याचीही नाही. इथे अलार्म खरा कामाला येतो. ‘रोज’ न निवडता फक्त ते दोन वार निवडायचे. अलार्मला नाव देता येतं, ते ‘तुळस’ ठेवा, ‘गिरणी’ ठेवा, काहीही ठेवा. बघणाऱ्याला कळायचं कारण नाही. बाईच्या शरीराचा निर्णय बाईचा. आठवण कोणासमोर वाजू द्यायची, हेही तिनेच ठरवायचं.

आता पैशाकडे वळू. गोळी रोज घ्यावी लागते, पण बचतीची एक गंमत आहे. ती एकदाच ठरवून पुढे यंत्रावर सोपवता येते.

फिलिपिन्स देशातल्या मिंडानाओ बेटावर एका ग्रामीण बँकेने आपल्या जुन्या खातेदारांना नव्या तऱ्हेचं खातं देऊ केलं. ठरवलेली तारीख किंवा ठरवलेली रक्कम येईपर्यंत त्यातून पैसे काढता येत नाहीत. तारीख आणि रक्कम खातेदारानेच ठरवायची. हवी असेल तर घरी एक पेटी मिळायची, पण किल्ली बँकेकडे. ज्यांना हे खातं देऊ केलं, त्यांची बचत वर्षभरात सरासरी ८१ टक्क्यांनी वाढली. ऐकून हसू आलं ना? आपल्या गटाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे, हे आपण कधीपासून करत आलो आहोत!

हेच काम बँकेत आणि पोस्टात रिकरिंग खातं करतं, म्हणजे आरडी. पोस्टातली आरडी महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते आणि पाच वर्षांची असते. हप्ता भरायला दर महिन्याला जाण्यापेक्षा बचत खात्यातून आपोआप वळता करायची सूचना एकदा लिहून द्यायची. मग ‘या महिन्यात टाकू की नको’ हा प्रश्नच उरत नाही. पण तारीख विचार करून द्या. दुधाचं बिल दहा तारखेला जमा होत असेल, तर कपातीची तारीख अकरा. महिनाअखेरीची दिली तर खातं रिकामं असेल, हप्ता चुकेल. हप्ते सारखे चुकत गेले तर पोस्टातलं खातं खंडित होतं.

आपोआप होणाऱ्या गोष्टीचा हाच धोका आहे. आपण निर्धास्त होतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचं उदाहरण घ्या. वर्षाला फक्त २० रुपये, आणि अपघाती मृत्यू झाला तर दोन लाखांचा विमा. जीवन ज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपये, आणि कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख. दोन्ही विमे १ जून ते ३१ मे असे चालतात आणि हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. मे महिना कसा असतो ते तुम्हीच सांगा. लग्नसराई, बी-बियाणं, शाळेची तयारी. खातं नेमकं तेव्हाच रिकामं. वीस रुपये नाहीत म्हणून विमा तुटतो, आणि ते कळतं दुर्घटना झाल्यावर. म्हणून फोनच्या कॅलेंडरमध्ये किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर २० मे या तारखेला खूण करा: ‘खात्यात पाचशे आहेत का?’ जूनमध्ये पासबुक भरून घ्या आणि कपात झालेली डोळ्यांनी बघा. यंत्र काम करतं, पण यंत्रावर नजर ठेवायचं काम आपलंच.

आणि एक सावधगिरी. आपोआप कपात जशी बचतीची होते, तशी कर्जाच्या हप्त्याचीही होते. फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप आली आहेत. कशाला ‘हो’ म्हणतो आहोत ते कळल्याशिवाय बटण दाबू नका. ओटीपी आणि पिन कोणालाही सांगू नका, अगदी बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालासुद्धा नाही. तोच फोन आपल्याला नको त्या सवयीही लावतो. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, तो कोणीतरी विचार करूनच तसा ठेवलेला असतो. आपण आपल्या सवयी ठरवल्या नाहीत, तर फोन त्याच्या सवयी आपल्याला लावेल.

शेवटी एक महत्त्वाचं. सवय तुटली की दर वेळी आपलीच कसूर नसते. लोहाच्या गोळीने मळमळतं, पोट जड होतं, शौच काळी होते. काळी शौच घाबरण्यासारखी नाही. पण त्रास फार होत असेल तर गोळी डब्यामागे टाकू नका, नर्सताईंशी बोला. वेळ बदलून, पोटात थोडं काही घालून घेता येते का, ते त्या सांगतील. रक्तदाबाच्या गोळ्यांचं उलट होतं. बरं वाटायला लागलं की आपण त्या बंद करतो. पण बरं वाटतं ते गोळी चालू आहे म्हणूनच. रक्तदाब वाढला तरी पुष्कळदा काही जाणवतच नाही, आणि एक दिवस लकवा येतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका. आणि गोळ्या संपल्याच असतील तर अलार्म नुसताच वाजत राहील. म्हणून दुसरा एक अलार्म लावा, पट्टी संपायच्या पाच दिवस आधीचा: ‘दवाखान्यातून गोळ्या आणणे.’ केंद्रात साठाच नसेल, तर ती एकट्या बाईची अडचण राहत नाही. ती गटाने मिळून ग्रामसभेत मांडायची गोष्ट आहे. बाईने नेम पाळायचा, तर गोळी पुरवायचा नेम केंद्रानेही पाळला पाहिजे.

आता या आठवड्याचं काम सांगतो. एकच गोष्ट निवडा, दोन नाही. तिचं वाक्य करा, ‘अमुक झालं की तमुक’. ते घरात कोणाला तरी मोठ्याने म्हणून दाखवा. अलार्म लावा, नाहीतर कॅलेंडर टांगा, नाहीतर आपल्या धुनेला बांधा. आणि गटातल्या एका मैत्रिणीला सांगून ठेवा, ‘सोमवारी मला विचार गं.’

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपलं वाक्य सांगा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. दोन महिन्यांनी तीच वही उघडा. ज्यांचं जमलं त्यांनी कसं जमलं ते सांगा. ज्यांचं अडलं त्यांची वेळ बदला, जागा बदला, पण नेम सोडू नका. तुमची वाक्यं केंद्रावर कळवलीत तर आम्ही ती कार्यक्रमात वाचून दाखवू. तुमच्या वाक्यावरून दुसऱ्या गावातली एखादी बाई आपलं वाक्य जुळवेल.

आता रेडिओ बंद करण्याआधी फोन हातात घ्या, किंवा भिंतीकडे बघा, आणि तुमची वेळ ठरवा. भेटू पुढच्या आठवड्यात, याच वेळी. नमस्कार.